काटे गेले, प्रथिनांचे काय?

बिनकाटेरी निवडुंगावरचे लेख आणि माहितीपत्रके वाचली की दोन गोष्टी हमखास आढळतात. एक, हेक्टरी हिरव्या चाऱ्याचा टनांतला आकडा आणि दुसरी, 'दुष्काळावर उपाय' हे शब्द. लातूर-नांदेडच्या मेंढपाळाने यातले काय घ्यावे व काय सोडावे, हे तपासायला शाळेतले विज्ञान पुरते. म्हणून हा विषय आम्ही शिक्षकांपुढे ठेवत आहोत.

आमची पहिली हरकत टनांना आहे. निवडुंगाच्या फडीत सुमारे ९० टक्के पाणी असते. म्हणजे १० किलो फड्यांतून कोरडा चारा मिळतो अवघा १ किलो. त्यात प्रथिने साधारण ५ टक्के, म्हणजे ५० ग्रॅम. आता २० किलो वजनाचे वाढते कोकरू घ्या. त्याला दिवसाला सुमारे ७०० ग्रॅम कोरडा चारा लागतो आणि त्यात ८०-९० ग्रॅम प्रथिने असावी लागतात. नुसत्या निवडुंगावर भागवायचे तर ७ किलो फड्या खाऊनही पदरात पडतात ३५ ग्रॅम! शिवाय चोथा कमी असल्याने लेंड्या पातळ होतात. मोठी मेंढी अशा चाऱ्यावर काही दिवस तग धरेल. कोकराची मात्र वाढ खुंटते, आणि बाजारात किंमत येते ती वजनाला.

मग निवडुंग टाकाऊ का? मुळीच नाही. त्यात पटकन पचणारी पिष्टमय द्रव्ये भरपूर असतात, आणि पाणी तर असतेच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात ३ किलो फड्यांतले २.७ लिटर पाणी ही लहान गोष्ट नव्हे. पुरेसा निवडुंग खाणाऱ्या मेंढ्या पाणी फारच कमी पितात, हे ट्युनिशियातील प्रयोगांत दिसले आहे. आमच्या मते पत्रकांनी हा मुद्दा टनांच्या आधी छापायला हवा.

उरलेली भरती या जिल्ह्यांतच होऊ शकते. ३ किलो फड्या, ३०० ग्रॅम सोयाबीनचे भुसकट आणि १२० ग्रॅम सोयाबीन पेंड यांची प्रथिने वर्गात मिळवून पाहावीत (पेंडीत ४५ टक्के, भुसकटात ५ टक्के धरा). बेरीज ८४ ग्रॅमच्या आसपास येते. पेंड विकत घ्यावी लागते, हे खरे. पण तिचा खर्च न दाखवता निवडुंगाला 'फुकटचा चारा' म्हणणे हा हिशेब अर्धाच झाला.

दुसरी हरकत काट्यांबाबत. काटा हे निवडुंगाचे कुंपण असते. तो नसलेले रोप मोकाट शेळ्या एका दिवसात फस्त करतील, तेव्हा कुंपणाचा किंवा राखणीचा खर्च आलाच.

याहून गंभीर गोष्ट किडीची. रानटी निवडुंग आटोक्यात आणण्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून दक्षिण भारतात कोचिनील कीटक आणला गेला. जैविक नियंत्रणाचे यशस्वी उदाहरण म्हणून आपण तो शिकवतो. त्याच जातीच्या कीटकाने या शतकात ईशान्य ब्राझीलमधल्या चाऱ्याच्या निवडुंगाची मोठी हानी केली, आणि तेथे किडीला दाद न देणारी वाणे लावावी लागली. केंद्र सरकारच्या भूसंसाधन विभागाने २०२२ पासून पडीक जमिनीवर निवडुंग लावण्यास प्रोत्साहन दिले आहे. अशा वेळी कोणते वाण लावायचे, हा प्रश्न रोपे वाटण्याआधी विचारायला हवा.

महाराष्ट्रात हा विषय नवा नाही. फलटणच्या निंबकर संस्थेने आणि उरुळीकांचनच्या बायफने या निवडुंगावर काम केले आहे. मात्र फलटणचे निष्कर्ष मुखेडच्या काळ्या जमिनीत जसेच्या तसे लागू होतील असे धरू नये. निवडुंगाच्या मुळांना साचलेले पाणी सोसत नाही. त्याची जागा माळावर, मुरमाड उतारावर आहे.

शाळेत करता येईल असा एक प्रयोग सुचवतो. एकाच झाडाची एक फडी पहाटे व दुसरी संध्याकाळी कापून दोन्हींचा रस पीएच कागदावर तपासा. पहाटेचा रस अधिक आंबट निघेल. निवडुंग आपली छिद्रे रात्री उघडतो आणि कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतो. उन्हात छिद्रे बंद राहतात, म्हणून पाणी वाचते. नंतर त्याच फड्यांचे तुकडे वजन करून वाळवा, आणि पुन्हा वजन करा.