कोल्ट्रेन यांची अखेरची ध्वनिमुद्रिका

जॅझ-वादक जॉन कोल्ट्रेन यांची 'दि ओलातुंजी कॉन्सर्ट' ही ध्वनिमुद्रिका रायपूरच्या सरकारी क्वार्टरात प्रथम ऐकली, तेव्हा पाच मिनिटांतच ती बंद करावीशी वाटली. पुन्हा ऐकली ती केवळ हट्टाने. या दोन श्रवणांच्या दरम्यान मत का पालटले, ते येथे नमूद करीत आहे.

न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत, नायजेरियन तालवादक ओलातुंजी यांच्या संस्थेत, २३ एप्रिल १९६७ रोजी ही मैफल झाली. पुढे तीन महिन्यांच्या आत, १७ जुलैस, यकृताच्या कर्करोगाने कोल्ट्रेन निवर्तले. वय अवघे चाळीस. मुद्रिका प्रसिद्ध झाली २००१ साली. साहजिकच 'अखेरची' हे विशेषण तिला चिकटले आणि रसिक तीत मृत्यूची चाहूल शोधू लागले. माझ्या मते आस्वादाची वाट येथेच चुकते.

मैफलीत रचना दोनच. पहिली 'ओगुंडे'. त्याच वर्षी मार्चमध्ये स्टुडिओत ती साडेतीन मिनिटांत आटोपली होती. येथे सुमारे अठ्ठावीस मिनिटे चालते. दुसरी 'माय फेव्हरिट थिंग्ज', संगीतिकेतील एक साधे गाणे. १९६० च्या मुद्रणात ते चौदाएक मिनिटांचे होते. येथे चौतीस मिनिटांहून अधिक. निरोप घेणारा पसारा आवरतो. हा कलावंत तो वाढवीत आहे.

दोष झाकण्यात अर्थ नाही. मुद्रण कर्कश आहे, आवाज वारंवार फाटतो. रशीद अली यांच्या ड्रमच्या गजरात अॅलिस कोल्ट्रेन यांचा पियानो बुडून जातो. फॅरो सँडर्स यांच्या सॅक्सोफोनच्या किंकाळ्या सर्वांनाच सोसवतील असे नाही. समेची वाट पाहणारा आपला कान तर हिरमुसतोच, कारण ठराविक ठेका नाही. आहे ती लयीची उसळी.

परंतु जिमी गॅरिसन यांच्या दीर्घ बासवादनानंतर त्या गाण्याची परिचित धून ऐकू येते आणि ख्यालाचा मुखडा पुन्हा भेटावा तसे होते. रविशंकरांवरून मुलाचे नाव ठेवणाऱ्या या वादकाला छोट्या बंदिशीत मोठा विस्तार सामावतो हे उमगले होते. सारा गोंगाट त्या विस्ताराचाच शोध आहे.

नवख्याने आधी १९६० चे मुद्रण ऐकावे, मग हे. बदलीचा हुकूम निघाल्यावरही टेबलावरचे काम त्याच उमेदीने करणारा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. या मुद्रिकेत तो भेटतो.