‘सारखं’ आणि ‘उमजलेलं’

माझ्या वन्सं इंदूरला दिल्या आहेत. दिवाळीला माहेरी येताना त्या कधी मोकळ्या हाताने आल्या नाहीत. शेव, आवळ्याचा मुरंबा, एखादी चंदेरी. एका वर्षी त्यांनी कॅसेट आणली. वर लिहिलं होतं, ‘मला उमजलेले बालगंधर्व’. गायक कुमार गंधर्व. “आईला बालगंधर्व आवडतात ना, म्हणून आणली,” म्हणाल्या.

सासूबाईंना बालगंधर्व आवडत, हे म्हणणं फार कमी झालं. त्यांच्या माहेरी चावीचा ग्रामोफोन होता. त्यावर ऐकलेली ‘स्वयंवर’ आणि ‘एकच प्याला’मधली पदं त्यांना जागांसकट पाठ होती. भाकरी थापताना, तांदूळ निवडताना त्या गुणगुणत. आमच्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकतात, त्यामुळे संध्याकाळ मोकळी सापडते. त्या दिवशी दिवेलागणीला सगळ्या जणी बसलो आणि कॅसेट लावली. दोन पदं जेमतेम झाली असतील, सासूबाई उठल्या. “काय गे हे? नारायणरावांच्या गाण्याचे तुकडे केले की यांनी,” म्हणाल्या आणि जपाची माळ घेऊन आत गेल्या. वन्संचं तोंड एवढंसं झालं. कॅसेट कपाटात गेली ती बरीच वर्षं तिथेच राहिली.

आज त्या कॅसेटवर लिहायला बसले आहे. तेव्हा मी सासूबाईंच्या बाजूची होते. आता निम्मी त्यांच्या बाजूची आहे आणि निम्मी कुमारांच्या. हा अर्धा प्रवास कसा झाला, ते सांगते.

तरुण मैत्रिणींसाठी थोडं मागचं सांगायला हवं. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व. जन्म 1888 चा, मृत्यू 1967 मध्ये. स्त्रियांनी रंगभूमीवर उभं राहणं घरंदाज मानलं जात नव्हतं, त्या काळात ते भामिनी झाले, रुक्मिणी झाले, सिंधू झाले. ‘स्वयंवर’ 1916 चं, त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ 1919 मध्ये बडोद्याला पहिल्यांदा रंगभूमीवर आला, तो बघायला स्वतः गडकरी मात्र उरले नव्हते. नाटकं रात्र-रात्र चालत, एकेका पदाला ‘वन्स मोअर’वर ‘वन्स मोअर’ पडत. साथीला तबल्यावर थिरकवाखाँ आणि सारंगीवर कादरबक्ष अशी माणसं.

आणि कुमार गंधर्व तर आमचेच. 1924 मध्ये बेळगावजवळच्या सुळेभावीला जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. घरची भाषा कन्नड. मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकले, क्षयाने गाठलं म्हणून 1948 च्या सुमाराला इंदूरजवळच्या देवासला हवापालटासाठी गेले आणि तिथलेच झाले. काही वर्षं अंथरुणावर गेली, गाण्याची बंदी होती. पुन्हा उभे राहिले तेव्हा एक फुफ्फुस जवळजवळ निकामी होतं. पुढे त्यांनी एकेक विषय घेऊन कार्यक्रम केले: ‘गीतवर्षा’, ‘त्रिवेणी’, भा. रा. तांब्यांच्या कवितांची ‘तांबे गीतरजनी’. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा त्याच ओळीतला. म्हणजे जुनी लोकप्रिय गाणी पुन्हा गाऊन चार पैसे करण्याचा हा उद्योग नव्हता. एका गायकाने दुसऱ्या गायकावर केलेला तो अभ्यास होता.

आता गाण्याबद्दल. ‘नाथ हा माझा’ हे यमनमधलं पद दोघांचं ऐका. बालगंधर्वांचा सूर तेलाच्या धारेसारखा येतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर ते कधी गेले, ते कळत नाही. शब्द मात्र लख्ख. प्रत्येक अक्षर आपल्याला ऐकू यावं, अशी त्यांची काळजी असते. ताना आहेत, पण त्या दागिन्यांसारख्या ठेवणीतल्या, बोलता बोलता हात हलावा आणि बांगडी वाजावी तशा. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मिळत. तेवढ्यात हे सगळं बसवायचं म्हणजे केवढी काटकसर असेल! संसार करणाऱ्या बाईला ती लगेच कळते.

कुमारांकडे तेच पद ठिणगीसारखं येतं. छोटा तुकडा, मग थांबणं, मग कुठून तरी वरून पडल्यासारखा पुढचा सूर. शब्द कधी फुटतो, कधी अर्धा विरून जातो. सासूबाई ‘तुकडे’ म्हणाल्या ते खोटं नव्हतं. पण चार-पाचदा ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं, की पदाचा मूळ सांगाडा जागेवरच आहे. जिथे बालगंधर्व रेंगाळत, तिथेच कुमार थांबतात. बालगंधर्वांनी जी जागा भरून दाखवली, ती कुमार मोकळी ठेवून दाखवतात. आपल्या कानात मूळ गाणं असेल तर ती मोकळी जागा आपण आपोआप भरतो. म्हणजे हे गाणं बालगंधर्वांना विसरू देत नाही, उलट आठवायला लावतं. ज्याने मूळ ऐकलंच नाही, त्याला मात्र ते तुटक वाटणार.

काही लोक म्हणतात, श्वास पुरत नव्हता म्हणून ते तुकड्यातुकड्यांनी गायले. मला हे अर्धंच पटतं. श्वास अपुरा होता हे खरं, पण अपुऱ्या श्वासाचा प्रत्येक माणूस काही असं गात नाही. घरात पीठ कमी असलं तर एखादी कुरकुरते आणि दुसरी त्यात भाजी मळून धपाटी करते. पीठ कमी होतं हे कारण झालं, धपाटी ही तिची अक्कल.

सगळ्यात मोठी गोष्ट पुढेच आहे. कुमार लहानपणी कशामुळे गाजले? थोर गवयांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवायचे म्हणून. दहा-अकरा वर्षांचं पोर मोठमोठ्या उस्तादांची नक्कल करतं, याचं लोकांना कोण कौतुक! म्हणजे ज्याला बालगंधर्वांसारखं गाणं सहज जमलं असतं, त्यानेच ते टाळलं. येत नाही म्हणून वेगळं गाणं निराळं, आणि येत असून हात आवरणं निराळं. 2011 च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात आनंद भाट्यांनी ती पदं मुळाच्या फार जवळ जाऊन गायिली आहेत आणि सुरेख गायिली आहेत. तिथे तसंच हवं होतं, कारण पडद्यावर बालगंधर्व उभे होते. कुमारांच्या मंचावर कुमारच होते.

एवढं सगळं मान्य करूनही माझी एक तक्रार उरते. ती कोणा समीक्षकाने मांडलेली मला आढळली नाही, म्हणून मीच मांडते. कुमारांच्या गाण्यात बाई हरवते.

‘प्रभु अजि गमला’ हे सिंधूचं पद घ्या. दारुड्या नवऱ्याला शेवटपर्यंत देव मानणारी ही बाई. तिचा मला संताप येतो. पण बालगंधर्व गातात तेव्हा ती समोर बसलेली दिसते, तिची भाबडी आशा दिसते आणि त्या आशेचं काय होणार हे ठाऊक असल्यामुळे पोटात कालवतं. पुरुष असून त्यांनी तिला शोधून काढलं होतं. कुमार तेच पद गातात तेव्हा उरतो तो निखळ आनंदाचा सूर. फार उंचीचा, पण कोणाचाच नाही. पातिव्रत्याचं ओझं त्या पदावरून उतरलं म्हणून आपण बायकांनी खूश व्हावं, की सिंधूच उठून गेली म्हणून वाईट वाटून घ्यावं? मला दोन्ही होतं. या एका पदापुरत्या सासूबाई बरोबर होत्या, असं मी आजही म्हणेन.

इथे आणखी एका बाईची आठवण काढते. गोहरबाई कर्नाटकी, आमच्याच विजापूर भागातल्या बिळगीच्या, अमीरबाईंच्या बहीण. बालगंधर्वांची गायकी त्यांनी इतकी आत्मसात केली होती की ऐकणारा चकित व्हावा. पुढे त्या त्यांच्या कंपनीत आल्या, भूमिका केल्या, त्यांच्याशी लग्न केलं. त्यांच्या वाट्याला काय आलं? कंपनीच्या उतरत्या काळाचं खापर आणि ‘नक्कल करते’ हा शेरा. नारायणरावांनी बाईचा आवाज घेतला तर ती कला, आणि बाईने नारायणरावांचा घेतला तर ती चोरी! कुमारांवर टीका झाली, पण त्यांना निदान ‘मला उमजलेले’ म्हणायची मुभा होती. गोहरबाईंना काय उमजलं होतं, ते कोणी विचारलंही नाही.

दुसऱ्याकडे बोट दाखवते आहे खरं, पण मीही वेगळी वागले नाही. सासूबाई गेल्या, त्यानंतरच्या महावीर जयंतीची गोष्ट. आमच्या बस्तीत पाळण्याचं गाणं वर्षानुवर्षं त्याच म्हणत. त्या वर्षी बायकांनी माझ्या लेकीला उभं केलं. तिने चाल तीच ठेवली, पण लय सावकाश केली आणि सासूबाई जिथे जोरात उचलत, तिथे आवाज अगदी खाली आणला. मागे कुजबुज झाली, “आजीसारखं नाही गे झालं.” घरी येताना रिक्षात मीही तिला टाकून बोलले, “आजीसारखं म्हणता येत नव्हतं, तर हो कशाला म्हणालीस?” ती गप्प राहिली. रात्री एवढंच म्हणाली, “शेवटच्या वर्षी आजी माझ्याजवळ तो पाळणा असाच म्हणायची. आवाज निघत नव्हता ना तिचा. तुम्ही सगळ्यांनी बस्तीतली आजी ऐकलीत. मी अंथरुणातली ऐकली.”

त्यानंतर काही दिवसांनी मी कपाटातून ती कॅसेट काढली. ‘उमजलेले’ हा शब्द तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. समजणं डोक्याने होतं, उमजणं आतून उगवतं. आणि ‘मला’ हा शब्द त्याहून महत्त्वाचा. बालगंधर्व असेच होते, असा दावा त्यात नाही. माझ्या जागेवरून ते मला असे दिसले, तुमच्या जागेवरून वेगळे दिसतील, एवढंच आहे. अनेकांत आपण पाठशाळेपासून ऐकत आलो आहोत, हत्तीची गोष्ट लेकरांना सांगतो. पण घरातल्या घरात तो पाळायची वेळ आली की आपल्याला शेपूट तेवढी खरी वाटते. वंदन करतानाही आपण गुण मागतो, रूप मागत नाही. मग आपल्या माणसाच्या आठवणीला हुबेहूब रूपच का हवं असतं?

म्हणून हे गाणं जरूर ऐका, पण माझं एक ऐका. आधी बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांचं ध्वनिमुद्रण ऐका, मन भरेपर्यंत. कुमारांना त्याच दिवशी लावू नका, तुलना करण्यातच जीव जाईल. आठ-दहा दिवस जाऊ द्या. मूळ पद कामात असताना आपसूक ओठांवर यायला लागलं, की मग संध्याकाळी कुमार लावा. पहिल्यांदा राग आला तर येऊ द्या. आमच्या सासूबाईंनाही आला होता, आणि राग यायला आधी प्रेम लागतं.

पुढच्या जयंतीला लेकीने पाळणा पुन्हा तसाच म्हटला, खालच्या आवाजात. मागून कुजबुज झालीच. या वेळी मी वळून पाहिलं नाही. डोळे मिटून घेतले आणि अंथरुणातल्या सासूबाई मला ऐकू येतात का, ते ऐकत राहिले.