पट्टा, पोतं आणि नऊ माणसं

गेल्या दिवाळीत मी लाखांदूरला घरी होतो. मावसभाऊ पोलिस भरतीची तयारी करत होता. 1600 मीटर त्याचं ठीक होतं, पण गोळाफेकीत मार्क जात होते, म्हणून त्याने जिम लावली होती. तिसऱ्याच आठवड्यात त्याने मोबाइलवर एका कातडी पट्ट्याचा फोटो दाखवला. "दादा, हा पट्टा घेऊन राहिलो. याच्यानं कंबर वाचते ना?"

मी पीएचडी करतो हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. कशात करतो ते कोणालाच नाही. त्यामुळे कंबरेपासून कर्जमाफीपर्यंत सगळं मला विचारलं जातं. माझा विषय पदार्थविज्ञान. तरी मी तिथल्या तिथे शोधलं, एका पेपरचा सारांश वाचला आणि ऐटीत सांगितलं: हो, वाचते. पट्ट्याने पोटातला दाब वाढतो, तो दाब मणक्याला आतून आधार देतो, मणक्यावरचा भार कमी होतो.

त्याने पट्टा घेतला. पाच आठवड्यांत डेडलिफ्ट 60 किलोवरून 80 वर नेली. डिसेंबरात एका सकाळी कंबर धरली आणि तीन आठवडे त्याचं धावणंसुद्धा बंद झालं. पट्ट्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही. एका माणसाच्या एका दुखण्यावरून तसं म्हणता येत नाही, आणि तुम्हीही म्हणू नका. पण माझं उत्तर चुकीचं होतं, आणि ते कुठे चुकलं हे मला पूर्ण पेपर वाचल्यावर कळलं. तुमच्यापैकी जे सध्या पेटची किंवा नेट-सेटची तयारी करत आहेत, त्यांना लवकरच दुसऱ्यांचे पेपर तपासायला बसायचं आहे. हे उदाहरण त्यासाठी.

पेपर 1989 चा, हार्मन आणि सहकाऱ्यांचा. नऊ जणांनी आपल्या कमाल वजनाच्या 90 टक्के वजन पट्टा लावून आणि पट्ट्याशिवाय डेडलिफ्ट केलं. पट्टा लावल्यावर पोटातला दाब लवकर आणि जास्त वाढला. मापन नीट आहे, मला त्यात खोट दिसत नाही. खोट माझ्या वाचनात होती. मी "दाब वाढला" वाचलं आणि "कंबर वाचली" सांगितलं. मधली पायरी पेपरमध्ये अनुमान म्हणून आहे, माझ्या तोंडून ती निष्कर्ष म्हणून बाहेर पडली. शिवाय ज्या पोराने तीन आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा बार हातात धरला, त्याचं "कमाल वजनाच्या 90 टक्के" म्हणजे काय? त्याचं कमाल वजन दर आठवड्याला बदलतं, कारण तो अजून उचलायला शिकतोच आहे. नवशिक्याला लागू पडेल असा तो आकडाच नाही.

आता ती मधली पायरी मोजून बघू, कारण माझ्या विषयाचं गणित इथेच उपयोगी पडतं. पोटातला दाब मणक्याचा भार हलका करतो, ही कल्पना बार्टेलिंकने 1957 मध्ये मांडली. पोट म्हणजे फुगलेला फुगा, तो वरच्या पडद्याला वर ढकलतो, तेवढं ओझं मणक्यावरून उतरतं. ऐकायला पटतं. 1990 मध्ये मॅकगिल, नॉर्मन आणि शॅरॅट यांनी सहा जणांना 73 ते 91 किलोच्या आसपासची वजनं उचलायला लावली. सरासरी दाब पट्ट्याशिवाय 99 मिलिमीटर पारा होता, पट्ट्याने 120 झाला. फरक 21. पास्कलमध्ये साधारण 2,800. पडद्याचं क्षेत्रफळ 250 चौरस सेंटिमीटर धरा. बल आलं 70 न्यूटन, म्हणजे सात किलोचं ओझं. वजन उचलताना कमरेच्या मणक्यावर काही हजार न्यूटनचा दाब येतो. अमेरिकेच्या एनआयओएसएच या कामगार-सुरक्षा संस्थेने धोक्याची रेषा म्हणून 3,400 न्यूटनचा आकडा वापरला आहे. त्याच्यापुढे 70 म्हणजे दोन टक्के. आणि पोटात दाब आणायला पोटाचे स्नायू आवळावे लागतात, ते मणक्याला उलट आणखी दाबतात. सगळी बेरीज-वजाबाकी करून हाती काही उरतं का याचीच शंका. मी मावसभावाला सांगितलेली यंत्रणा पाच मिनिटांच्या गणितात कोसळते, आणि ती पाच मिनिटं मी दिली नव्हती.

(पट्ट्याने धड ताठ राहतं, हा मुद्दा वेगळा आहे आणि तो मला जास्त पटतो. पण ताठ राहणं म्हणजे भार कमी होणं नव्हे. या दोन गोष्टी सर्रास एकाच वाक्यात कोंबल्या जातात.)

1990 च्या त्याच पेपरमधली दुसरी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पाठीच्या स्नायूंवरचा ताण कमी दिसला तो श्वास रोखल्यावर, पट्टा लावल्यावर नाही. हे वाचलं आणि मला आमचा खळा आठवला. धान चुरून झाल्यावर कट्टे भरतात, चाळीस-चाळीस किलोचे, आणि ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवायचे असतात. हमाल कमरेला दुपट्टा करकचून बांधतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. मी इतकी वर्षं समजत होतो की कमाल दुपट्ट्याची आहे. या खेपेला बाबांना मावसभावाचा पट्टा लावून बघायला दिला. दोन मिनिटांत काढून टाकला. "श्वास कुठं घ्याचा याच्यात?" मग कट्टा उचलताना मी त्यांच्या कमरेऐवजी छातीकडे पाहिलं. आधी श्वास भरून घेतात, रोखतात, उचलतात, खांद्यावर बसला की "हं" करून सोडतात. कोणी शिकवलं नाही. दुपट्ट्याने काही होतं की नाही हे मला या निरीक्षणातून कळत नाही. पण इतकी वर्षं मी चुकीच्या ठिकाणी बघत होतो एवढं नक्की. आपल्या भाषेत "कंबर कसणे" म्हणजे कामाला सिद्ध होणे. त्यात कंबर वाचते असं कोणी म्हटलेलं नाही.

श्वास रोखण्याचीही किंमत असते. 1985 मध्ये मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी पायांनी जड वजन ढकलणाऱ्या शरीरसौष्ठवपटूंचा रक्तदाब थेट धमनीतून मोजला. एकाचा 480/350 पर्यंत गेला होता. 1989 मध्ये हंटर यांच्या गटाला पट्टा लावल्यावर व्यायामातला रक्तदाब आणखी वाढलेला दिसला. घरात कोणाला बीपी असेल तर हे जिमवाल्याआधी डॉक्टरांना विचारायचं प्रकरण आहे.

प्रयोगशाळा सोडून खऱ्या जगातल्या अभ्यासांकडे या. इथे जिम नाही, कामगार आहेत. अमेरिकेत घरबांधणीचं सामान विकणाऱ्या एका साखळीतल्या सुमारे 36,000 कामगारांची नोंद तपासून 1996 मध्ये क्राऊस यांच्या गटाने सांगितलं की पट्टा सक्तीचा केल्यावर कमरेच्या इजा जवळपास एक तृतीयांशाने घटल्या. आकडा मोठा, आणि पट्टे विकणाऱ्यांचा लाडका. पण ही आधी-नंतरची तुलना आहे. जी कंपनी पट्टा सक्तीचा करते ती त्याच काळात सुरक्षेचं बाकी कामही करत असते. त्या एक तृतीयांशातला पट्ट्याचा वाटा किती, हे या रचनेतून वेगळं काढता येत नाही. 36,000 हा आकडा या दोषावर पांघरूण घालत नाही. नमुना मोठा झाला की योगायोगाची भीती कमी होते, पूर्वग्रह तेवढाच राहतो. हे एक वाक्य मुलाखतीतही विचारतात.

2000 साली वॅसेल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास जामा या नियतकालिकात आला: 160 दुकानं, 9,377 कामगार, त्यातल्या 6,311 जणांशी पुन्हा संपर्क. 89 दुकानांत पट्टा सक्तीचा, 71 मध्ये ऐच्छिक. कमरेच्या भरपाईच्या दाव्यांत फरक नाही, दुखण्याच्या तक्रारींतही नाही. रोज लावणारे आणि जवळजवळ न लावणारे यांची तुलना केली तरी नाही. मला हा अभ्यास जास्त विश्वासार्ह वाटतो, पण चिठ्ठ्या टाकून विभागणी यातही नव्हती. आणि दुकानातला ताणणारा पट्टा म्हणजे पॉवरलिफ्टिंगचा 10 सेंटिमीटर रुंद, 13 मिलिमीटरपर्यंत जाड कातडी पट्टा नव्हे. "पट्टा" हा एकच शब्द दोन वस्तूंना वापरला की वाद सुरू होण्याआधीच बिघडतो.

सगळ्यात मजेदार पेपर मला 1992 चा रेडेलचा वाटतो. विमानतळावरचे 642 सामान चढवणारे, आठ महिने. पट्टा मिळालेल्यांपैकी 58 टक्क्यांनी तो मध्येच सोडला, आणि सोडणाऱ्यांमध्ये इजा जास्त दिसल्या. लगेच अर्थ लावला जातो की पट्ट्याने स्नायू आळशी होतात. थांबा. ज्याची कंबर आधीच कुरकुरत होती त्यानेच टोचणारा पट्टा आधी सोडला असेल तर? मग बाण उलटा फिरतो. पट्ट्याविरुद्धचा हा पुरावा मला हवासा वाटत होता, म्हणूनच तो दोनदा वाचला.

माझ्या मावसभावाच्या प्रकरणाशी सर्वांत जवळचा पेपर मात्र छोटा आहे. 1988 मध्ये मॅकॉय आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्ही किती वजन सोयीने उचलाल? पट्टा लावल्यावर त्यांनी निवडलेलं वजन सुमारे 19 टक्क्यांनी वाढलं. कंबर तीच, फक्त मन बदललं. 60 चे 80 का झाले, याचा हा पुरावा नाही, पण मी पहिल्या दिवशी हा पेपर वाचला असता तर "हो, वाचते" असं म्हटलं नसतं. पट्ट्यापेक्षा माझ्या त्या "हो" ने त्याला जास्त धीर दिला असावा.

मग नवशिक्यांवर थेट अभ्यास का करत नाहीत? करून बघा कागदावर. 2017 च्या एका आढाव्यात वेटलिफ्टर आणि पॉवरलिफ्टर यांच्या इजा दर हजार तासांना साधारण एक ते चारच्या दरम्यान आहेत. खेळाडूंचा दर नवशिक्यांना तंतोतंत लागू नाही, पण अंदाजाला तीन धरा. आठवड्याला तीन तास, सहा महिने, म्हणजे माणशी 78 तास. शंभर जणांच्या गटात 7,800 तास, सुमारे 23 इजा. त्यातल्या पाव कंबरेच्या धरल्या तर सहा. पट्ट्याने त्या निम्म्या झाल्या तरी तीन. सहा विरुद्ध तीन यातून कोणी काही सिद्ध करू शकत नाही. म्हणजे प्रत्येक गटात बरीच जास्त माणसं हवीत, सहा महिने न पळणारी, आणि ज्याला पट्टा दिलाय त्याने तो लावलाय की नाही हे बघणारा कोणीतरी हवा. एवढा पैसा पट्ट्यासाठी कोण देणार? म्हणून सगळे दाब मोजतात. तो एका दुपारी मोजून होतो.

मला परत विचारलं असतं तर मी हे सांगितलं असतं: पहिले काही महिने पट्टा नको, वजन असं ठेव की शेवटच्या उचलीतही पाठ पहिल्यासारखी दिसेल, श्वास भरून रोखायला शीक. पुढे खरंच जड वजनावर गेलास तर पट्टा घे, कारण त्याने जास्त उचलता येतं. कंबर वाचते म्हणून घेऊ नको. यातला सल्ल्याचा भाग माझं मत आहे, पेपरांचा निष्कर्ष नाही.

त्याने विचारलं मात्र नाही. जानेवारीत 30 किलोपासून पुन्हा सुरू केलं, पट्टा घरी खुंटीला आहे. परवा व्हिडिओ पाठवला, 50 किलोचा, बाजूने काढलेला. खाली लिहिलं होतं, "पेपर वाचून सांग."