इगर्जीची शिळा आणि घरचे कागद

डॉ. जर्सन द कुन्हा यांनीं चौल-वसईवरील आपल्या १८७६ च्या इंग्रजी ग्रंथांत इगर्ज्यांतील थडग्यांचे लेख वाचून फिरंगी घराण्यांचा माग लावला. हे उपकार संशोधकांनीं विसरूं नयेत. तथापि शिळा मृताचें नांव व मान सांगते. गांव हातांतून कसें गेलें, तें सांगत नाहीं. त्याच मुलुखांतील तारापूर मराठ्यांनीं जानेवारी १७३९ मध्यें घेतलें व तेथें बाजी भिवराव रेठरेकर पडले, हें मराठी कागदांवरून कळतें. पुढें तेथेंच विकाजी मेहेरजी यांचें पारशी घराणें नांवारूपास आलें. इगर्जी ओस पडली म्हणजे गांवाचा इतिहास संपला, असें आम्ही मानीत नाहीं. तारापूर-पालघराकडील घरगुती दप्तरें वाळवीच्या तोंडीं जाण्यापूर्वीं संग्राहकांनीं मिळवून शिळांशीं ताडून पाहावींत.