शक्यता कोण छापतं?

डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांचा १९७९चा ‘प्रॉस्पेक्ट थिअरी’ हा निबंध मला पटतो, पण अर्धाच. त्यातला एक प्रश्न असा: नक्की ३००० गमवाल, की ४००० गमावण्याची ८० टक्के शक्यता पत्कराल? ९२ टक्के लोकांनी जुगार निवडला. तोटा समोर दिसला की आपण बेधडक होतो! मात्र तिथले पैसे काल्पनिक होते आणि शक्यता कागदावर छापलेली. आपल्या मोबाइलवर ती कोण छापतं? सेबीच्या २०२४च्या अभ्यासात फ्युचर्स-ऑप्शन्समधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते; सलग तोटा होऊनही त्यातले ७५ टक्क्यांहून जास्त खेळत राहिले. निबंध आपल्या मनाची खोड नेमकी पकडतो. त्या खोडीवर ब्रोकरेज कमावणारा मात्र त्यात कुठेच नाही.