जुनेपणाचा रंग

पडद्यावर शंभर वर्षांपूर्वीचं घर आलं की ते बहुधा तपकिरी असतं. भिंत तपकिरी, दार तपकिरी, उजेडही तपकिरी. काळ दाखवण्याचा हा सोपा मार्ग आपण प्रेक्षक म्हणून निमूट मान्य केला आहे.

सेटची भिंत जुनी करण्याची रीत तशी साधी. मूळ रंग वाळला की त्यावर पाण्यासारखा पातळ काळपट रंग फासायचा आणि ओला असतानाच फडक्याने पुसायचा. खाचांत काळेपण उरतं. उंचवट्यांवरून कोरडा ब्रश फिरवला की झीज दिसते. कसब लागतं ते डागाची जागा ठरवायला. पाणी वरून येतं, म्हणून ओघळ खिडकीखाली हवेत. तेलकटपणा हात पोचतो त्या उंचीवर, काजळी चुलीमागे, ओल जोत्याशी. कारण नसलेला डाग म्हणजे नुसता मळ.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये (२०१८) डागांना कारण आहे. नितीन जिहानी चौधरी आणि राकेश यादव यांच्या कलादिग्दर्शनात वाड्याची पडझड कथेतूनच येते. पाऊस थांबत नाही, घर सांभाळायला कुणी उरलेलं नाही, आणि विनायक तिथे येतो तो फक्त घेऊन जायला. भिंतीवरचं शेवाळ हा त्या हव्यासाचा हिशेब आहे.

पण हाच पोत नांदत्या घराला चढवला की खोटेपणा सुरू होतो. आपल्याकडे मातीची जमीन वरचेवर सारवली जाई, भिंतींना दिवाळीआधी चुना लागे. गरिबाचं घरसुद्धा पोतेऱ्याच्या ताज्या वळणांनी उजळलेलं असे. ते काम बहुतेक बायांचं. सरसकट मळवलेला सेट हे श्रम पुसून टाकतो आणि गरिबी म्हणजे अस्वच्छता, असं न बोलता सांगतो. शिवाय १९१८ सालच्या माणसाला आपलं घर ‘जुनं’ वाटत नव्हतं. त्याच्या दारात नवं लाकूडही असणारच.

नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी सिनेमात रंगीत पडद्याच्या जागी उभा, घडीव सेट आणला. माणूस राहू शकेल अशी जागा पडद्यावर दिसू लागली. त्या जागेत कोण राहतं, ती कोण झाडतं, हे रंगारी ठरवू शकतो. त्यासाठी दिग्दर्शकाने त्याला पटकथा वाचायला द्यायला हवी. तपकिरी रंगाचा डबा पुरत नाही.