पेंटाग्रामचं पोट कशावर चाललं?

महाराष्ट्रातल्या रॉकची चर्चा निघाली की गाडी भाषेवर येऊन अडते. गाणी इंग्रजी, म्हणून श्रोते मूठभर. मुंबईच्या ‘पेंटाग्राम’ची कारकीर्द पाहिली की हे कारण अपुरं वाटतं.

बँड सुरू झाला १९९४ मध्ये. गायक विशाल ददलानी, गिटारवर रँडॉल्फ कोरिया, बेसवर पपल माने, ड्रमवर शिराज भट्टाचार्य ही त्याची ओळखीची फळी. ‘वी आर नॉट लिसनिंग’ (१९९६) हा पहिला अल्बम गिटारच्या जोरावर उभा होता. ‘अप’ (२००२) मध्ये बँडने इलेक्ट्रॉनिक आवाज जवळ केला. ठरलेला श्रोता दुरावेल याची पर्वा न करता घेतलेलं हे वळण त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोलाचं. २००५ मध्ये ते इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आले.

ददलानींना सिनेमाने पळवलं, अशी तक्रार होते. तारखा वेगळं सांगतात. ‘इट्स ओके, इट्स ऑल गुड’ आला २००७ मध्ये, ददलानींच्या विशाल-शेखर या संगीतकार जोडीच्या ‘ओम शांती ओम’ चित्रपटाच्याच वर्षी. ‘ब्लडीवूड’ आला २०११ मध्ये. म्हणजे सिनेमातली कामं वाढत असताना दोन अल्बममधलं अंतर सहा, पाच, चार वर्षं असं घटत गेलं. सिनेमाने निदान गायकाच्या पोटाची सोय केली, त्यामुळे बँडला बाजाराची मर्जी राखावी लागली नाही. पण जी कला दुसऱ्या धंद्याच्या कमाईवर जगते, तिला स्वतःचं घर नसतं. २०११ नंतर पुढचा अल्बम रेंगाळला, तेव्हा हे उघडं पडलं.

रॉकला घर होतं ते मुंबईचं रंगभवन. १९८६ पासूनच्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सवाने तिथे पिढी घडवली, पण शांतता क्षेत्राच्या नियमांत तो मंच गेला. २०१० मध्ये पुण्यात ‘एनएच७ वीकेंडर’ हा महोत्सव सुरू झाला, पण तिकीट काढून येणाऱ्या शहरी तरुणांसाठी. मुंबई-पुण्याबाहेर, वर्ध्यासारख्या ठिकाणी, भजनी मंडळाला देऊळ आहे, ऑर्केस्ट्राला गणेशोत्सवाचा मांडव आहे. रॉक बँडला फार तर कॉलेजचं गॅदरिंग, तेही वर्षातून एकदा. टीव्हीवर पाहिलेलं संगीत प्रत्यक्ष वाजवून पाहायला मंच लागतो, आणि गाणं मराठीत असलं तरी ही अडचण तशीच राहते.

‘अभंग रिपोस्ट’ या बँडने संतांचे शब्द गिटार-ड्रमवर घेतले आणि तयार श्रोता मिळवला. वादन कसदार आहे. पण गाण्याचा निम्मा भार तुकोबा उचलतात. आजच्या वर्ध्यातल्या बेकार इंजिनिअरचा राग, कापसाच्या भावाची चिंता मराठी रॉकमध्ये अजून नीट उमटलेली नाही. पेंटाग्रामने आवाज बदलायची हिंमत दाखवली. पुढच्या बँडला शब्दही स्वतःचे लिहावे लागतील, आणि ते ऐकवायला मुंबई-पुण्याबाहेर उतरावं लागेल.